रॅपरविना हिप-हॉप : इन्स्ट्रुमेंटल बीट्सचा मिक्स कसा बांधला जातो

रॅपरसाठी, म्हणजे ठेक्यावर लयीत शब्द म्हणणाऱ्यासाठी, तयार केलेल्या बीटमध्ये (ठेका आणि वाद्यांच्या साथीत) मधली जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. तळाशी किक (मोठ्या ड्रमचा जड ठोका) आणि खर्जातला बेस, वरच्या अंगाला हाय-हॅट (ड्रमसंचातील छोट्या झांजा), बाजूला एखाद्या जुन्या तबकडीतून उचललेला पियानोचा किंवा व्हायोलिनचा तुकडा, आणि मधोमध, जिथे माणसाचा आवाज बसायचा असतो, तिथे जवळजवळ काहीच नाही. टेलिफोनवरचे बोलणे पूर्वापार साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातून जात आले आहे आणि तरी ते स्पष्ट कळते. बीट बनवणारा मोकळा ठेवतो तो साधारण हाच पट्टा. रॅपर नसेल तर ही पोकळी पहिल्या मिनिटाला सुखद वाटते आणि तिसऱ्या मिनिटाला खटकू लागते. इन्स्ट्रुमेंटल हिप-हॉपचा मिक्स करणाऱ्याचे बहुतेक निर्णय या एकाच अडचणीभोवती फिरतात. शब्द नाहीत, कडवे आणि ध्रुवपद नाही, गोष्ट पुढे नेणारे कोणी नाही, तरीही ऐकणाऱ्याला तासभर कशाने धरून ठेवायचे?

मिक्स म्हणजे निवडलेल्या बीट्सची विचारपूर्वक लावलेली आणि एकमेकींना जोडलेली सलग मालिका. यात तीन वेगवेगळी कामे येतात: कोणत्या बीट्स घ्यायच्या, त्या कोणत्या क्रमाने लावायच्या, आणि एकीतून दुसरीत कसे जायचे. सॉफ्टवेअरमुळे तिसरे काम सर्वांत सोपे झाले आहे आणि शिकवण्यांचा भर नेमका त्याच्यावर असतो. ऐकणाऱ्याला मात्र मिक्स आवडतो किंवा आवडत नाही तो मुख्यतः पहिल्या दोन कामांमुळे.

हा प्रकार आला कुठून, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण मिक्सची तंत्रे त्या इतिहासातूनच आली आहेत. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात 1520 सेज्विक अॅव्हेन्यू या इमारतीत झालेल्या पार्टीपासून हिप-हॉपचा प्रारंभ मानला जातो. तेथे डीजे कूल हर्क याने हेरले होते, की नाचणाऱ्यांना गाण्यातील गायनापेक्षा फक्त ड्रम उरतो तो छोटा भाग, म्हणजे ब्रेक, अधिक हवा असतो. तो भाग काही सेकंदांत संपतो म्हणून त्याने दोन टर्नटेबल, म्हणजे तबकड्या फिरवणारी यंत्रे, वापरून ब्रेक लांबवत नेण्याची पद्धत काढली. एका तबकडीवरचा ब्रेक संपत आला की दुसऱ्या तबकडीवरचा सुरू करायचा, आणि तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. म्हणजे शब्द बाजूला सारून ठेका पुढे आणणे आणि तो न तुटता चालू ठेवणे, ही इन्स्ट्रुमेंटल मिक्सची मूळ कल्पना हिप-हॉपच्या जन्मातच आहे. पुढे बारा इंची सिंगल तबकड्यांवर रॅप असलेल्या गाण्याबरोबर त्याची इन्स्ट्रुमेंटल आवृत्तीही देण्याची रीत पडली. ती डीजेंच्या आणि हौशी रॅपरांच्या सोयीसाठी असे, पण त्यामुळे नुसती बीट ऐकण्याची सवयही लागली. 1996 मध्ये डीजे शॅडोचा ‘एंडट्रोड्यूसिंग’ हा जवळपास संपूर्णपणे सॅम्पलमधून, म्हणजे दुसऱ्या ध्वनिमुद्रणांतून उचललेल्या तुकड्यांमधून, रचलेला अल्बम आला आणि रॅपर नसलेली बीट हे अपूर्ण काम नाही, हे सर्वांना मान्य करावे लागले. जपानमध्ये नुजाबेस या नावाने काम करणाऱ्या जुन सेबाने जॅझच्या सॅम्पलमधून जो मवाळ, हळवा बाज घडवला, त्याचा ठसा आजच्या ‘लो-फाय’ (मुद्दाम थोडा अस्वच्छ ठेवलेल्या आवाजाच्या) प्रवाहावर स्पष्ट दिसतो.

निवड : पोत आधी, वेग नंतर

नवखा माणूस बीट्स निवडताना सर्वप्रथम वेग पाहतो, कारण वेग आकड्यात मोजता येतो. माझ्या मते सुरुवात पोतापासून करावी. पोत म्हणजे आवाजाचा एकूण खरखरीतपणा किंवा गुळगुळीतपणा, उजेड किंवा अंधार, आणि तो बऱ्याच अंशी बीट कोणत्या यंत्रावर बनली यावर ठरतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 1987 मध्ये आलेले इ-म्यू कंपनीचे एसपी-1200 हे सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारे यंत्र. ते 12 बिटमध्ये आणि सेकंदाला सुमारे 26 हजार नमुने या दराने आवाज साठवत असे आणि त्याच्या स्मृतीत सगळे मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावत असे. नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापेक्षा उंच कंपने अशा यंत्राला नीट टिपता येत नाहीत, म्हणून 13 हजार हर्ट्झच्या वरचा मूळ आवाज त्यात उतरतच नाही. दहा सेकंदांत जास्त मजकूर बसवण्यासाठी प्रोड्यूसर, म्हणजे बीट बनवणारे, मिनिटाला 33 फेऱ्यांची तबकडी 45 वर फिरवून ध्वनिमुद्रण करीत आणि नंतर यंत्रात तो तुकडा पुन्हा खाली उतरवीत. या खटाटोपात आवाजाला एक रेवाळ, किरकिरीत कड येई. नव्वदच्या दशकातील न्यूयॉर्कच्या बीट्सचा जो ‘मळकट’ आवाज लोकांना प्रिय आहे, त्याचा मोठा भाग आवडीनिवडीपेक्षा या काटकसरीतून आला आहे. आता अशी बीट आणि तिच्या लगेच मागे आज संगणकावर बनवलेली, स्वच्छ, वरच्या कंपनांनी भरलेली बीट लावून पाहा. वेग जुळला, पट्टी जुळली, तरी दुसरी सुरू होताच खोलीतला दिवा अचानक लागावा तसे वाटते. कधी नेमके हेच हवे असते. पण ते तुम्ही ठरवून केलेले असावे.

म्हणून जमवलेल्या बीट्सचे ढीग वेगानुसार लावण्याऐवजी पोतानुसार लावावेत: धुरकट आणि खरखरीत, उबदार आणि गोल, स्वच्छ आणि टोकदार. त्यानंतर प्रत्येक बीटसाठी एकच ओळ लिहून ठेवावी. मधल्या जागेत काय आहे? रोड्स हा विजेवरचा पियानो, बासरी, कापून उलटसुलट लावलेला गायिकेचा आवाज, की काहीच नाही? ही ओळ पुढे क्रम लावताना वेगाच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण लागोपाठ तीन बीट्समध्ये पियानोच मध्यभागी असेल तर त्या कितीही वेगळ्या असल्या तरी ऐकणाऱ्याला एकच बीट लांबलेली वाटते.

निवडताना दुसरी कसोटी लावायची ती ड्रमच्या चालीची. रॉजर लिन यांच्या आराखड्यावर अकाई कंपनीने 1988 मध्ये काढलेल्या एमपीसी-60 या यंत्रावर बोटांनी वाजवायचे सोळा पॅड होते आणि हाताने वाजवलेले ठोके आपोआप ठरलेल्या जागी सरकवण्याची सोय होती. त्याच सोयीत ‘स्विंग’ नावाचा एक आकडा असे, आणि ठोक्यांच्या प्रत्येक जोडीतील दुसरा ठोका किती उशिरा पडावा हे त्याने ठरे. डेट्रॉइटचा प्रोड्यूसर जे डिला, म्हणजे जेम्स यान्सी, हा त्याच मालिकेतील एमपीसी-3000 वर काम करताना कधी ही सोय बंद ठेवून आणि कधी एकेक आवाज मुद्दाम पुढेमागे सरकवून अशी चाल निर्माण करीत असे, की स्नेअर (ड्रमसंचातील कडक, फटकारणारा ठोका) किंचित घाईत, किक किंचित रेंगाळलेली आणि तरीही सगळे एकत्र पुढे जात आहे, असे वाटावे. त्याचे ते यंत्र आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृती संग्रहालयात आहे. डिलाच्या वळणाची लडखडती बीट आणि घड्याळासारखी सरळ बीट यांची ओळख करून देताना मध्ये काहीतरी तटस्थ ठेवावे लागते, नाहीतर सरळ बीट लष्करी वाटते आणि लडखडती बीट चुकलेली वाटते.

एक बीट किती वेळ ठेवायची

या प्रकारातील सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हाच आहे. बहुतेक हिप-हॉप बीट्स मिनिटाला 80 ते 95 ठोक्यांच्या दरम्यान असतात. मिनिटाला 90 ठोके धरले तर चार ठोक्यांचा एक बार 2.67 सेकंदांचा होतो आणि चार बारांचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, साडेदहा सेकंदांच्या थोडा पुढे जातो. म्हणजे तीन मिनिटांच्या बीटमध्ये तोच लूप सुमारे सतरा वेळा येतो. रॅपर असेल तर प्रत्येक वेळी नवे शब्द येत असल्यामुळे ही पुनरावृत्ती पार्श्वभूमीत जाते. तो नसेल तर सतराही वेळा तीच आपल्यासमोर उभी असते.

जे डिलाचा ‘डोनट्स’ हा अल्बम 7 फेब्रुवारी 2006 रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला आणि तीन दिवसांनी डिलाचे निधन झाले. त्या अल्बममध्ये 31 तुकडे आहेत आणि सर्वांचा मिळून वेळ पाऊण तासापेक्षा कमी आहे. सरासरी काढली तर एका तुकड्याला दीड मिनिटही मिळत नाही. लूप कानात बसतो, तो आवडला आहे हे कळते, आणि पुढचा सुरू होतो. पहिल्याच तुकड्याचे नाव ‘आउट्रो’ आहे आणि शेवट पुन्हा सुरुवातीला जाऊन मिळतो, त्यामुळे संपूर्ण अल्बम हाच एक मोठा लूप होतो. मिक्स करणाऱ्याने या अल्बमचा अभ्यास करावा तो एवढ्यासाठी, की कंटाळा येण्याच्या आधी बाहेर पडण्याचे भान त्यात प्रत्येक वळणावर दिसते.

म्हणून तासाभराच्या मिक्समध्ये सरासरी दोन मिनिटांप्रमाणे साधारण तीस बीट्स येतात असा अंदाज धरावा, पण सर्वांना समान वेळ देऊ नये. ज्या बीटमध्ये लूप बदलत नाही, तिला आठ ते बारा बारांनंतर निरोप द्यावा. जिच्यात मध्येच ड्रम थांबतात, बेसची चाल बदलते किंवा नवे वाद्य येते, तिला ते वळण येईपर्यंत थांबू द्यावे, कारण ते कापले तर तिला निवडण्याचे कारणच उरत नाही. आणि संपूर्ण मिक्समध्ये एक किंवा दोन बीट्सना चार मिनिटे खुशाल द्यावीत. आजूबाजूचे सगळे लवकर संपत असताना एखादी गोष्ट थांबून राहिली, तर ऐकणारा तिच्याकडे आपोआप वळून पाहतो.

वेग, पट्टी आणि कागदावरची जुळणी

वेग जुळवणे म्हणजे दोन बीट्सचे ठोके एकाच वेळी पडतील अशा रीतीने एकीचा किंवा दोन्हींचा वेग बदलणे. टेक्निक्स कंपनीच्या एसएल-1200 एमके-2 या प्रसिद्ध टर्नटेबलवर वेग कमी-जास्त करण्याची सरकपट्टी आहे, जिची मर्यादा दोन्ही बाजूंना आठ टक्के आहे. या मर्यादेमागे व्यवहार आहे. तबकडीचा वेग बदलला की आवाजाची उंचीही बदलते, आणि सुमारे सहा टक्के वेग वाढला की सगळे स्वर एका अर्धस्वराने वर जातात. त्यापुढे गेलो तर सॅम्पलमधील सॅक्सोफोन किंवा गायक ओळखू न येण्याइतका बदलू लागतो.

संगणकावर वेग बदलूनही स्वरांची उंची तीच ठेवता येते. ही सोय मोहक आहे, पण तिची किंमत ड्रमला मोजावी लागते: आवाज ताणताना ठोक्याची तीक्ष्ण सुरुवात बोथट होते आणि स्नेअर ‘फटाक’ ऐवजी ‘फसाक’ वाजू लागते. ज्या संगीतात ड्रमचा एकेक ठोका तासन्‌तास निवडून बसवलेला असतो, तिथे हा व्यवहार फारसा परवडणारा नाही. दोन-तीन टक्क्यांचा फरक असेल तर मी स्वरांची उंची बदलू देणे पसंत करतो.

आता पट्टीचा प्रश्न. पाश्चात्त्य संगीतातील बारा मेजर आणि बारा मायनर अशा चोवीस पट्ट्या एका चक्रावर मांडून, शेजारच्या घरातील पट्ट्या एकमेकींत सहज मिसळतात असे सांगणारी पद्धत डीजेंमध्ये लोकप्रिय आहे. तिच्यामागचे कारण सरळ आहे: चक्रावरील शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये सातपैकी सहा स्वर समान असतात. सॉफ्टवेअर प्रत्येक बीटला या चक्रावरचे घर नेमून देते आणि माणूस निर्धास्त होतो.

हिप-हॉपमध्ये मात्र या निर्धास्तपणाला तडा जाण्याचे खास कारण आहे. समजा, दोन्ही बीट्सना सॉफ्टवेअरने एकच पट्टी दिली आहे. एक मिनिटाला 88 ठोक्यांची, दुसरी 92 ची. दोन्ही 90 वर आणायच्या म्हणून पहिलीचा वेग सव्वादोन टक्क्यांनी वाढवला आणि दुसरीचा जवळपास तेवढाच कमी केला. एका अर्धस्वराचे शंभर भाग मानले, तर पहिली बीट सुमारे 39 भागांनी वर गेली आणि दुसरी 38 भागांनी खाली आली. म्हणजे एकाच पट्टीत असलेल्या दोन बीट्समध्ये आता पाऊण अर्धस्वराहून अधिक अंतर पडले. शिवाय सॅम्पल मूळ तबकडीवरून घेतानाच त्याचा वेग मनासारखा वरखाली केलेला असतो, त्यामुळे बीट पियानोवरच्या कोणत्याच पट्टीत नीट न बसता दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी तरंगत असते. सॉफ्टवेअर तिला जवळच्या घरात ढकलून मोकळे होते. तात्पर्य, पट्टीचे चक्र हे शोध घ्यायला उपयोगी आहे, निकाल द्यायला नाही. दोन बीट्सचे फक्त बेस आणि मुख्य सूर एकत्र वाजवून ऐकावे. कान आंबला, तर चक्र काहीही म्हणो, त्या दोन बीट्स एकमेकींवर चढवू नयेत; एक थांबवून दुसरी सुरू करावी.

संपूर्ण मिक्सचा वेग एकाच आकड्यावर खिळवून ठेवणेही टाळावे. 78 वर सुरुवात करून हळूहळू 94 पर्यंत जाणे आणि पुन्हा खाली येणे हा रुळलेला मार्ग आहे. मिनिटाला 140 ते 150 ठोक्यांच्या काही बीट्समध्ये स्नेअर इतकी विरळ पडते, की निम्मा वेग, म्हणजे 70 ते 75, धरूनही त्या मोजता येतात; अशा बीट्स दोन वेगळ्या वेगांमधला पूल म्हणून वापरता येतात.

सांधा

दोन बीट्स एकमेकींवर चढवताना सर्वाधिक घोटाळा होतो तो हाय-हॅटचा. 90 च्या वेगात ठोक्याचा चौथा भाग 167 मिलिसेकंदांचा असतो. एक बीट सरळ चालीची आहे आणि दुसरीत 58 टक्के स्विंग आहे असे धरले, तर पहिलीची हाय-हॅट 167 मिलिसेकंदांवर पडते आणि दुसरीची 193 वर. मधले 26 मिलिसेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवण्यापेक्षाही कमी, पण कानाला तेवढे पुरते; ‘टक’ ऐवजी ‘टटक’ ऐकू येते आणि दोन्ही बीट्स बेंगरूळ वाटतात. किक आणि स्नेअर अचूक जुळूनही मिक्स का लंगडतो, याचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते. उपाय असा, की इक्वलायझरने, म्हणजे वरची, मधली आणि खालची कंपने वेगवेगळी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, एकीची वरची कंपने पूर्ण दाबावीत आणि एका वेळी एकच हाय-हॅट ऐकू येऊ द्यावी.

तळाची कथा याहून कडक आहे. दोन बेस एकाच वेळी कधीही वाजू देऊ नयेत. खालच्या कंपनांत दोन आवाज एकमेकांना कधी वाढवतात आणि कधी खोडून काढतात, त्यामुळे तळ गढूळ होतो किंवा अचानक नाहीसा होतो. नेहमीची पद्धत अशी: येणारी बीट तळ कापून आत आणायची, आठ बार तिचे सॅम्पल आणि जुन्या बीटचे ड्रम एकत्र चालू द्यायचे, आणि नवव्या बाराच्या पहिल्या ठोक्यावर जुन्या बीटचा तळ काढून नव्या बीटचा तळ सोडायचा. हिप-हॉपची बीट चार, आठ किंवा सोळा बारांच्या घरांत बांधलेली असते. बदल या घरांच्या उंबरठ्यावर केला तर तो स्वाभाविक वाटतो आणि सहाव्या बारावर केला तर, का ते न सांगता येऊनही, ऐकणारा दचकतो.

लांबलचक, मऊ सांधे हे हाउस किंवा टेक्नो संगीताचे वैशिष्ट्य आहे. तिथे रचनेच्या आरंभी आणि अंती नुसते ड्रम ठेवलेले असतात, ते याच कामासाठी. हिप-हॉपच्या बीटमध्ये अशी जागा क्वचितच असते. सॅम्पल पहिल्याच ठोक्याला हजर होते. त्यामुळे प्रत्येक वेळी विरघळवत नेण्याचा अट्टहास सोडावा. पहिल्या ठोक्यावर सरळ कापून दुसरी बीट सुरू करणे, एखाद्या स्क्रॅचने (तबकडी हाताने पुढेमागे घासून काढलेल्या आवाजाने) झटका देणे, किंवा ड्रम नसलेला तुकडा मध्ये सोडून पुढे नव्या वेगाने सुरुवात करणे, हे मार्ग या संगीताच्या स्वभावाला जास्त जवळचे आहेत. ड्रम अजिबात नसलेल्या, फक्त लूपवर चालणाऱ्या बीट्सना ‘ड्रमलेस’ म्हणतात. अशी एखादी बीट वीस मिनिटांनंतर ठेवली, तर पुढच्या किकचे वजन दुप्पट वाटते.

मानवी आवाजाचा वापरही इथेच येतो. एखादे वाक्य, हशा, मुलाखतीतला तुकडा, स्क्रॅच केलेला एक शब्द यांनी मधली पोकळी क्षणभर भरते आणि ऐकणारा पुन्हा सावध होतो. पण हे औषध जपून द्यायचे आहे. प्रत्येक सांध्यावर कोणी ना कोणी बोलू लागले, की मिक्सला रेडिओच्या जाहिरातींची कळा येते. विक्रीसाठी इंटरनेटवर ठेवलेल्या बीट्समध्ये बनवणाऱ्याच्या नावाचा पुकारा दर काही बारांनी येतो. अशी बीट कितीही आवडली तरी तो पुकारा नसलेली प्रत रीतसर मिळवावी, नाहीतर ती बीट सोडून द्यावी.

आवाजाची पातळी हा विषय कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. दोन बीट्सपैकी जी जरा मोठ्याने वाजते ती कानाला अधिक चांगली वाटते, त्यामुळे क्रम लावण्याच्या आधीच सर्व बीट्स सारख्या पातळीवर आणाव्यात, नाहीतर निवडही चुकते. पातळी मोजताना क्षणिक शिखर न पाहता कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा पाहावा, ज्याचे माप एलयूएफएस या एककात देतात. युरोपीय प्रसारणासाठी हे प्रमाण उणे 23 आहे, तर स्पॉटिफाय साधारण उणे 14 वर आणून ऐकवते. त्याहून मोठा केलेला मिक्स तिथे नुसताच खाली ओढला जातो. जुन्या तबकड्यांच्या खरखरीकडेही लक्ष द्यावे. एका बीटमध्ये खरखर आहे आणि पुढचीत नाही, तर सांध्यावर ती एकाएकी थांबते आणि कापलेली जागा उघडी पडते. आधीच्या बीटची खरखर दोन बार पुढे ओढून मग विरू द्यावी, एवढे पुरते.

हक्क आणि नावे

या संगीताचा पायाच दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणावर असल्यामुळे हक्कांचा प्रश्न दुहेरी असतो. बीट बनवणाऱ्याचा हक्क वेगळा आणि त्याने सॅम्पल केलेल्या मूळ गाण्याचे हक्क वेगळे. त्यातही गाण्याच्या रचनेचा आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा दोन निरनिराळ्या धन्यांकडे असतो. अमेरिकेत 1991 मध्ये ग्रँड अपराइट म्युझिक विरुद्ध वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्स या खटल्यात रॅपर बिझ मार्कीच्या अल्बममधील परवानगीविना घेतलेल्या सॅम्पलबाबत निकाल त्याच्या बाजूविरुद्ध गेला आणि तेव्हापासून मोठ्या कंपन्या सॅम्पलची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय पुढे जाईनाशा झाल्या. एका अल्बममध्ये डझनावारी सॅम्पल भरण्याची पद्धत त्यानंतर महाग झाली.

मिक्स करणारा माणूस या साखळीत आणखी एक पायरी खाली उभा असतो. मिक्स विनामूल्य ऐकायला ठेवला म्हणून परवानगीची गरज संपत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली दिलेल्या बीट्स घेतल्या तर वाट बरीच सोपी होते, पण परवान्याचे नाव शेवटपर्यंत वाचावे. त्यात ‘नो-डेरिव्हेटिव्ह्ज’ ही अट असेल, तर फेरफार केलेली बीट इतरांना देता येत नाही. आणि वेग बदलून, तळ कापून दुसऱ्या बीटवर चढवणे हा फेरफारच आहे. छोट्या, स्वतंत्र प्रोड्यूसरांना थेट विचारलेले बरे.

परवानगी असो वा परवाना, नावांची यादी द्यावीच लागते, आणि ती नुसती नावांची न देता प्रत्येक बीट कितव्या मिनिटाला सुरू होते त्या वेळेसह द्यावी. गायक नसलेल्या संगीतात ऐकणाऱ्याला शोधायला एकही ओळ हाती नसते. बाविसाव्या मिनिटाला वाजलेली ती बासरीची बीट कोणाची, हे त्याला यादीतूनच कळणार. दोन बीट्स एकमेकींवर चढवल्या असतील तेथे दोघांचीही नावे एकाच वेळेसमोर लिहावीत, आणि एखादी बीट मुळात एखाद्या रॅपच्या गाण्याची इन्स्ट्रुमेंटल आवृत्ती असेल तर रॅपरबरोबर प्रोड्यूसरचे नावही न विसरता द्यावे, कारण त्या यादीपुरते तरी मुख्य कलाकार प्रोड्यूसरच आहे.